बोथट म्हणजे शरीफ नव्हे

चाकू हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत सहसा चांगल्या संगतीत सापडत नाही. ‘चाकूचा धाक दाखवून’, ‘चाकूने भोसकून’ एवढीच त्याची ओळख. तोच चाकू रोज सकाळी घरोघर कांदा चिरतो, आजाऱ्यासाठी सफरचंद सोलतो, पोराच्या पेन्सिलीला टोक काढतो. पण त्याची बातमी होत नाही. चांगले काम करणाऱ्या धारेची नोंद कोणी ठेवत नाही. मग हळूहळू मनात एक समजूत घर करते, की धार ही गोष्टच वाईट; जे बोथट ते निर्धोक, आणि जे निर्धोक ते चांगले.

ही समजूत चाकूपुरती असती तर लिहिण्याचे कारण नव्हते. पण माणसांविषयीही आपण असेच बोलतो. मराठीत ‘मुलगा फार गरीब आहे हो’ असे कौतुकाने म्हणतात, तेव्हा विषय त्याच्या खिशाचा नसतो. उर्दूत आम्ही ‘बडा शरीफ बच्चा है’ म्हणतो. शरीफ म्हणजे खरे तर उमदा, प्रतिष्ठित. पण वर्गात आणि मोहल्ल्यात हा शब्द ‘कोणाच्या अध्यातमध्यात नसणारा’ इतक्यावर येऊन थांबला आहे. ज्याच्याकडून काहीच कापले जात नाही तो चांगला, असे म्हणता येईल का? निरुपद्रवी असणे आणि सज्जन असणे ही एकच गोष्ट आहे का? मुलांना शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही. मला त्याचा विचार करायला एका घडीच्या चाकूची फार मदत झाली.

आखातात नोकरी करणाऱ्या माझ्या खालाच्या मुलाने हा चाकू काही वर्षांपूर्वी आणून दिला. तो मूळचा फ्रान्समधल्या साव्वा या डोंगराळ प्रांतातला. नाव ओपिनेल. शेतीची हत्यारे घडवणाऱ्या घराण्यातल्या जोसेफ ओपिनेल या तरुणाने १८९० च्या सुमारास तो तयार केला. गिऱ्हाईक म्हणजे आसपासचे शेतकरी आणि गुराखी. १८९७ मध्ये त्याने १ ते १२ अशा क्रमांकांची मापे ठरवली. माझ्याकडचा ८ क्रमांकाचा आहे. त्याचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयाने १९८५ मध्ये उत्तम रचनेच्या शंभर वस्तूंत त्याची निवड केली. हातात घेतला तर वाटावे, यात निवडण्यासारखे काय आहे? बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची गोलसर मूठ, तिला उभी चीर, त्या चिरेत मिटणारे पाते, पाते फिरते ती खीळ, आणि तोंडाशी लोखंडाच्या दोन कड्या. सगळे मिळून पाच भाग.

यातल्या दोन कड्यांपैकी एक पक्की बसवलेली आहे आणि दुसरी तिच्यावर फिरते. ही फिरती कडी सुरुवातीला नव्हती. पहिली साठ-पासष्ट वर्षे पाते केवळ घट्ट बसवणीच्या जोरावर उघडे राहत असे, आणि जोर उलटा पडला तर बोटांवर मिटत असे. १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेल यांनी ही कडी बसवली. पाते उघडून ती जराशी फिरवली की पाते अडते, मिटत नाही. सन २००० पासून ती मिटलेल्या चाकूलाही कुलूप घालू लागली. आता खिशात तो आपोआप उघडत नाही.

या रचनेत मला विचार करण्यासारखे वाटले ते असे. चाकू धोक्याचा आहे हे बनवणाऱ्यांना पूर्ण ठाऊक होते. धोका कमी करण्यासाठी त्यांनी शंभर वर्षांत कितीतरी खटपट केली. पण त्या खटपटीत एकदाही धार कमी केली नाही. पाते मिटते केले, त्याला घर दिले, उघडल्यावर अडवायची सोय केली, मिटल्यावर अडवायची सोय केली. याच कारखान्यात लहान मुलांसाठी एक चाकू बनतो. त्याचे टोक गोल केलेले असते, म्हणजे भोसकले जाऊ नये. पण धार मात्र खरी असते. मुलाच्या हातात द्यायचा म्हणून तो खोटा केलेला नाही.

हे का, याचे उत्तर स्वयंपाकघरात सापडेल. बोथट सुरीने टोमॅटो कापून पाहा. सालीवर सुरी घसरते, मग आपण जोर लावतो, आणि जोर लावला की ती हवी तिथे जात नाही, बोटावर येते. धारदार सुरी आपल्या वजनाने उतरते, तिला फक्त दिशा द्यावी लागते. जोर जितका कमी, तितका ताबा जास्त. स्वयंपाकघरातल्या जखमा पुष्कळदा धारेपेक्षा धारेच्या अभावी लावलेल्या जोराने होतात. म्हणजे बोथटपणा हा निर्धोकही नसतो. तो फक्त निर्धोक दिसतो.

बकरी ईदच्या निमित्ताने हे आपल्या घरांत दरवर्षी उगाळले जाते, पण त्यातला मोठा अर्थ हातून निसटतो. सहीह मुस्लिममध्ये हजरत शद्दाद बिन औस यांनी सांगितलेली हदीस आहे. तिचा आशय असा, की अल्लाहने प्रत्येक गोष्टीत इहसान, म्हणजे काम उत्तम रीतीने करणे, आवश्यक ठरवले आहे. आणि उदाहरण कोणते? जबह करणाऱ्याने सुरीला नीट धार लावावी आणि जनावराचा त्रास कमी करावा. इहसानसारखी उंच कल्पना, आणि ती थेट सुरीच्या धारेला आणून टेकवलेली! इथे धार लावणे हीच दया आहे. बोथट सुरी वापरणारा मनाने कितीही हळवा असो, त्याचा हळवेपणा त्या मुक्या जिवाच्या काही उपयोगाचा नाही.

आणि दुसरी बाजूही तितक्याच बारकाईने सांगितलेली आहे. उपसलेली तलवार एकाने दुसऱ्याच्या हातात देऊ नये, अशी मनाई हदीसमध्ये आहे. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके हातात धरावीत, कोणाला इजा होऊ नये, अशीही ताकीद आहे. टोके मोडून टाका, असे म्हटलेले नाही. टोके आपल्या मुठीत ठेवा, असे म्हटले आहे. चाकूच्या भाषेत बोलायचे तर धारही हवी आणि घडीही हवी.

बी.एड.ला आम्ही प्लेटोचे ‘रिपब्लिक’ शिक्षणशास्त्रासाठी वाचतो, पण त्याच्या पहिल्याच भागात छाटणीच्या सुरीची गोष्ट आहे, तिकडे लक्ष जात नाही. द्राक्षवेलीची फांदी खंजिरानेही कापता येईल, पण त्यासाठीच घडवलेल्या सुरीने ती सर्वांत चांगली कापली जाते. ज्याचे जे काम, ते त्याला उत्तम करता येणे हा त्याचा सद्गुण. या हिशेबाने न कापणारी सुरी ही सज्जन सुरी होत नाही. ती नुसती वाईट सुरी. इमाम गज्जाली यांनी ‘इह्या’मध्ये रागाविषयी हेच सांगितले आहे. राग मुळापासून उपटणे हा त्यांच्या मते गुण नाही. राग अजिबात नसणे ही उणीव आहे. राग शिकवलेल्या शिकारी कुत्र्यासारखा असावा, सांगितल्यावर धावणारा आणि सांगितल्यावर थांबणारा. कुरआनमध्ये तारीफ आहे ती राग गिळणाऱ्यांची. ज्याला राग येतच नाही, त्याने गिळले काय?

पात्याचे पोलाद कसे तयार होते, यातही हीच शिकवण आहे. ओपिनेलच्या साध्या पात्यात कार्बन सुमारे ०.९ टक्के असतो. पाते लालभडक तापवून एकदम थंड केले की ते फार कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. पडले तर तुटावे. म्हणून ते पुन्हा हलक्या आचेवर तापवतात. थोडी कठीणता जाते आणि त्या बदल्यात चिवटपणा येतो. या कामाला मराठीत पाणी देणे म्हणतात, उर्दूत आब देना. तेवढ्यावरून पाणीदार आणि आबदार हे दोन शब्द माणसांना लागले. आबरू म्हणजे तर चेहऱ्याचे पाणी. मराठीने त्याचीच अब्रू केली. आपल्या दोन्ही भाषांनी पाते आणि माणूस यांच्यासाठी एकच शब्द वापरला, तो उगाच नाही. नुसते कठीण झालेले माणूस पहिल्या ठोकरीला मोडते. पाणी दिलेले माणूस वाकते, पण धार सोडत नाही.

मग चुकते कुठे? चुकण्याचे दोन रस्ते आहेत, आणि दोन्हींची उदाहरणे चाकूच्या दुनियेतच आहेत.

पहिले उत्तर प्रदेशातल्या रामपूरचे. तिथल्या कारागिरांची घडीच्या चाकूतली कसब नावाजलेली. पण हिंदी चित्रपटांनी रामपुरी खलनायकाच्या हाती दिला आणि त्याचा खटका तेवढा प्रसिद्ध केला. चाकूने काय कापले यापेक्षा तो कसा उघडला, याचीच वाहवा झाली. पुढे कायद्याची नजर वळली, धंदा आटला. मार्च २०२३ मध्ये रामपुरात चाकू चौक झाला आणि तिथे सुमारे वीस फूट लांबीचा चाकू उभारण्यात आला. शहराला त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण तो चाकू कधी मिटत नाही आणि कधी काही कापतही नाही. धारेचे प्रदर्शन मांडले की शेवटी एवढेच उरते. आपल्यातही असे लोक असतात. सदा उघडे पाते घेऊन फिरतात, खटका वाजवतात, टाळ्या घेतात. पण एखाद्याच्या रेशनकार्डाचे, दाखल्याचे अडलेले काम सोडवायला त्यांची धार उपयोगी पडत नाही.

दुसरे उदाहरण स्वित्झर्लंडचे. व्हिक्टोरिनॉक्स हा कारखाना १८८४ मध्ये कार्ल एल्सेनर यांनी सुरू केला, आणि १८९१ मध्ये स्विस सैन्याला घडीचे चाकू दिले. लाल मुठीचा तो चाकू आज जगभर ओळखला जातो. २००१ च्या सप्टेंबरमधल्या हल्ल्यांनंतर विमानतळांवर त्याची विक्री कोसळली. पुढे अनेक देशांत चाकू बाळगण्याचे नियम कडक होत गेले. २०२४ मध्ये कंपनीच्या प्रमुखांनी सांगितले, की आम्ही पात्याविना खिशातले साधन तयार करण्याच्या कामाला लागलो आहोत. धंदा म्हणून त्यात गैर काही नाही. सायकलस्वाराला पाना आणि पेचकस पुरतो. पण गोष्ट म्हणून विचार करावा अशी आहे. जग संशयाने पाहू लागले की पहिला विचार येतो, पातेच काढून टाकू या.

हा विचार आपल्या घरांना अनोळखी नाही. मुलगा बारावीनंतर दुसऱ्या शहरात शिकायला निघतो, तेव्हा आई बॅगेत लोणचे घालते आणि कानात सांगते, ‘बेटा, कुणाशी वाद घालू नकोस. कुणी काही बोललं तरी गप्प बस. आपल्याला शिकून परत यायचंय.’ त्या आईला हसण्याचा अधिकार कोणाला नाही. तिची भीती तिने वर्तमानपत्रातून आणि अनुभवातून कमावलेली आहे. गप्प बसणे कधी कधी शहाणपणच असते. प्रश्न एवढाच आहे, की तो मुलगा पाते मिटतो आहे की काढून टाकतो आहे? बाहेरून दोन्ही चाकू सारखेच दिसतात. लाकडाचा एक तुकडा. फरक कळतो तो गरज पडल्यावर.

आमच्या शाळेतला एक साधा प्रसंग सांगते. एका वर्गात खिडकीची काच फुटली आणि भलत्याच मुलाला उभे केले गेले. तिघांना खरे माहीत होते. एकजण मान खाली घालून बसला. एक मुलगी ताडकन उठली आणि काच फोडणाऱ्याचे नाव तर घेतलेच, वर त्याच्या बापाच्या धंद्यापर्यंत पोचली. वर्गात रडारड आणि भांडण झाले. तिसरा मुलगा गोंधळ शमल्यावर टेबलाजवळ गेला आणि हळू आवाजात म्हणाला, ‘सर, याने फोडली नाही. मी पाहिलंय.’ उभा केलेला मुलगा बसला. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत चर्चा झाली. पहिल्याला सगळ्यांनी शरीफ म्हटले. मुलीला तिखट म्हटले. तिसऱ्याला काही नावच नव्हते.

मला वाटते, अडचण इथेच आहे. गप्प राहणाऱ्याला आपल्याकडे शब्द आहे, फाडून बोलणाऱ्याला शब्द आहे. पण जो नेमके तेवढेच कापतो आणि पुन्हा मिटतो, त्याच्यासाठी आपण शब्द राखून ठेवला नाही. खरे तर शरीफ हा शब्द त्याचा होता. आपण तो पहिल्याला देऊन टाकला. आणि पहिल्याने कोणाला इजा केली नाही, असे म्हणता येईल का? निर्दोष पोराला जे उभे राहावे लागले, त्यात या गप्प बसण्याचा वाटा होताच. बोथट सुरीही जखम करते, ती अशी.

मिटलेला आणि बोथट यांतला फरक ओळखायला मी स्वतःपुरत्या दोन कसोट्या ठरवल्या आहेत. पहिली, मिटले कोणी? मी विचार करून, काही जपण्यासाठी मिटले असेल तर ती माझी घडी आहे. दुसऱ्याच्या धाकाने कायमचे मिटले असेल तर तो माझा गंज आहे. दुसरी, पाते अजून उघडते का? लाकडी मुठीचा चाकू पावसाळ्यात फुगतो आणि पाते चिरेत घट्ट बसते. साव्वाचे लोक मुठीचे बूड टेबलावर ठोकतात, म्हणजे पाते थोडे वर येते. पण वर्षानुवर्षे न उघडलेला चाकू ठोकूनही उघडत नाही. जो माणूस ‘वेळ आली की बोलेन’ म्हणत वीस वर्षे बोललेला नसतो, त्याची वेळ आली तरी आवाज फुटत नाही.

म्हणून निगा महत्त्वाची, आणि ती रोजची असते. साध्या पोलादाच्या पात्याने लिंबू किंवा कैरी कापली की लगेच धुऊन कोरडे करावे, नाहीतर तांबडा गंज चढतो. वापरता वापरता पात्यावर करडी छटा येते. ती घासून काढू नये, ती गंजापासून थोडे रक्षणच करते. खिळीवर महिन्याकाठी शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरतो; फळ कापण्याआधी पाते पुसून घ्यावे. पात्याने डबा उघडू नये, स्क्रू फिरवू नये. ज्याचे जे काम. धार लावताना पाते दगडावर आधी काटकोनात उभे धरावे, मग त्याचे निम्मे, मग त्याचेही निम्मे तिरपे करावे. तो साधारण योग्य कोन. दोन्ही बाजूंना सारखे घासावे. दगड नसेल तर कपाच्या बुडाची खडबडीत कडही काम भागवते. घाई आणि जोर, दोन्ही वर्ज्य.

हे काम ज्यांनी पिढ्यानपिढ्या केले, ते शिकलगार आपल्याच बिरादरीतले. सांगली, सातारा, कोल्हापूरकडे हे आडनाव सर्वांच्या परिचयाचे. शब्द मूळचा सैकलगर. सैकल म्हणजे धातूला चढवलेली चकाकी. जुन्या काळी आरसेही धातूचे असत, म्हणून सूफींनी मनाच्या आरशाला सैकल करण्याची भाषा वापरली. गल्लीतून चाक फिरवत येणारा तो माणूस आता क्वचित दिसतो. नवी सुरी स्वस्त मिळते, बोथट झाली की फेकतात.

पण मुले फेकता येत नाहीत. त्यांची धार कोणीतरी रोज लावावीच लागते, आणि ते काम घर आणि शाळा यांच्याशिवाय दुसरे कोणी करणार नाही. त्यासाठी मोठे काही लागत नाही. दिवसातून एक प्रश्न विचारू द्यावा. आपले उत्तर चुकीचे आहे असे मुलाने अदबीने सांगितले तर त्याला उद्धट म्हणू नये. वाद घालायला शिकवावे आणि वाद संपला की सलाम करून बसायलाही शिकवावे. वर्गात ‘शांत बसा’ म्हणणे सोपे आहे. मलाही दिवसातून दहादा म्हणावे लागते. पण वर्षाच्या शेवटी प्रगतिपुस्तकावर ‘स्वभावाने शांत’ असा शेरा लिहिण्याआधी मी आता थोडे थांबते, आणि त्या मुलाला काही ना काही विचारून पाहते. तो उत्तर देतो का, माझ्याकडे पाहून देतो का, एवढे बघते. मगच शेरा लिहिते.